बारावे पीस

वाल्यादोलिद,
ता. ९ फेब्रुवारी १९८६

ती. स्व. एउतिमिओ दाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवावे लागते की आपण गळासाठी रवाना केलेली कोंबड्याच्या पिसांची जुडी काल दुपारी सुखरूप पोचली, आणि तीत पिसे अकरा आहेत. ओतेरो गावात जुडी बांधण्याची रीत पडली तेव्हापासून ती बाराचीच असते. आपल्या आजोबांनी बाराची बांधली, वडिलांनी बाराची बांधली. युद्धाच्या काळात पावसुद्धा चिठ्ठीवर मिळत असे तेव्हाही ओतेरोची जुडी बाराचीच होती, हे आपणच आम्हांस दर नाताळात जेवणानंतर ऐकवता. मग ही काटछाट नेमकी सख्ख्या मेहुण्याच्याच वाट्याला का यावी?

मी दोनदा मोजली. स्वयंपाकघरातल्या संगमरवरी टेबलावर एकेक पीस वेगळे मांडून, खिडकीच्या उजेडात मोजली. पोलादी रंगाची सहा, चंदेरी पाच. प्रत्यक्ष प्रमाण म्हणजे माझे स्वतःचे दोन डोळे. अनुमानासाठी आपले वय पुरेसे आहे. सहासष्टाव्या वर्षी माणसाच्या हातून एखादा आकडा निसटतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रस्तुत पत्र हा रीतसर तक्रार-अर्ज समजावा. आपण कसूर मान्य केलीत तर अर्जदार मोठ्या मनाने प्रकरण मिटवील.

आता शुभवार्ता. मासेमारीच्या परवान्याच्या सोडतीत आपला क्रमांक लागला. शनिवार, ता. १७ मे; कुरुएन्योची घळ, जुन्या पुलापासून वरच्या धबधब्यापर्यंत; दोन काठ्या, एक दिवस. गेली सहा वर्षे घळीने आपल्याला दार दाखवले होते आणि आपण खालच्या कुरणात गाईंच्या शेपट्यांत गळ अडकवत बसलो होतो. यंदा ते नको.

मी योजना आखून ठेवली आहे. शुक्रवारी आगगाडीने लेओनला आणि तिथून डोंगरातल्या छोट्या गाडीने मी येईन. ताईने बटाट्याचे जाड ऑम्लेट करावे, कांदा घालून. बिनकांद्याचे ऑम्लेट करणाऱ्या पंथाशी माझे मतभेद तिला ठाऊक आहेत. सुक्या मांसाचे काप तुम्ही करा, कारण ताई ते चपलेच्या तळव्याएवढे जाड कापते. वाइनची कातडी पिशवी मी आणीन, भरून देणे तुमच्याकडे. निघायचे नऊला. मे महिन्यात नदीत निम्मा बर्फच वाहत असतो, दहाच्या आधी ट्राउट मासासुद्धा अंथरुणातून उठत नाही. दुपारपर्यंत खालचे डोह करू, मग सात दगडांच्या उतारावरून नदी ओलांडून वरच्या डोहांवर संध्याकाळ काढू.

आणि आता मुद्द्याचे. त्या उतारावर एकतीस वर्षे तुम्ही पुढे आहात आणि मी तुमचा कमरपट्टा धरून मागे. पाण्याखाली वीतभर बुडालेले दगड तुम्ही शोधायचे, तुमच्या पावलावर मी पाऊल ठेवायचे. पाचव्या आणि सहाव्याच्या मधे पाऊल चुकले तर खाली दोन पुरुष खोल डोह, म्हणून मी कधी मान वर केली नाही. परिणामी तुमच्या पाठीचा माझा जितका व्यासंग आहे तितका लॅटिन व्याकरणाचाही नाही, आणि ते तर मी तीस वर्षे शिकवतो आहे. यंदा मी पुढे जाईन. मी पंचावन्न वर्षांचा आहे, गुडघे शाबूत आहेत, नदी पाठ आहे. तुम्ही मागे राहून माझ्या पाठीचा अभ्यास सुरू करावा.

बाकी क्षेम. शाळेत या सत्रात सगळ्या परीक्षा मी तोंडी घेतो आहे. मुलांना ती शिक्षा वाटते, मला विश्रांती. आपले अक्षर अलीकडे आपल्या औदार्यासारखेच बारीक होत चालले आहे, ते जरा मोठे काढावे.

पिसांत कपात झाली, लोभात होऊ नये, ही विनंती.

आपला आज्ञाधारक मेहुणा व अर्जदार,
तिर्सो


ओतेरो,
ता. १६ फेब्रुवारी १९८६

चि. तिर्सो यास,
अनेक आशीर्वाद.

पिसं बारा होती.

जानेवारीच्या शेवटी, चंद्र उतरणीला लागल्यावर काढली. मी मोजली, तुझ्या ताईने, देल्फिनाने मोजली, मग लाल दोऱ्याने बांधली. सहा पोलादी, सहा चंदेरी. सहावं चंदेरी पीस सेनेटर कोंबड्याच्या नातवाचं आहे. सगळ्यांत फिकट, जवळजवळ पाण्याच्या रंगाचं. असं पीस दहा वर्षांत एखादं मिळतं. मुद्दाम वरच ठेवलं होतं, पाकीट उघडल्या उघडल्या तुला दिसावं म्हणून. टेबलाखाली बघ, बाहीत बघ. माझ्या वयात बघू नकोस.

सेनेटर तू विसरला नसशीलच. इथली मंडळी तर विसरू देणार नाहीत. या खोऱ्यातला कोंबडा खोऱ्याबाहेर नेला की पिसाची झळाळी जाते, हे माझ्या आज्यापासून सगळे सांगत आले. तू म्हणालास, ही अंधश्रद्धा आहे, सिद्ध करून दाखवतो. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत आठ महिने ठेवलास त्याला. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले आणि पिसं झाली पुसलेल्या पाटीसारखी. परत आणला तेव्हा एका हिवाळ्यात पुन्हा चमकायला लागला. तेव्हा कसूर कोणाची ते मी विचारलं नव्हतं. आता विचारतोय.

परवान्याचं वाचून बरं वाटलं. देल्फिनाला सांगितलं, तर ती म्हणाली की ऑम्लेटमध्ये कांदा किती घालायचा ते तिचं ती बघेल आणि काप जाड वाटत असतील तर तुझे दात तपासून घे.

आता पुढे जाण्याचं. ते वयावर नसतं आमच्या घरात. पुढे जाणारा त्या दिवसाच्या सगळ्या माश्या स्वतः बांधतो. गळावर रेशीम आणि पीस गुंडाळून कोणीही काहीतरी बनवतो, पण ट्राउट फसेल अशी माशी बांधायला पीस कळावं लागतं. माझ्या वडिलांनी मला अशाच सहा बांधायला लावल्या. खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने ठेवून बघितल्या. मग उठले, आम्ही नदीवर गेलो, आणि उतारापाशी येऊन माझ्या मागे उभे राहिले. मी विचारलं, माश्यांचा आणि दगडांचा काय संबंध. तर म्हणाले, बारीक ते ज्याला दिसतं त्याच्याच मागे मी जातो. 

तेव्हा त्याच जुडीतून सहा माश्या बांधून पाठव. तीन पोलादी, तीन चंदेरी. बघतो आणि सांगतो.

कोंबडे ठीक. बर्फ पुष्कळ पडलाय, पुलाच्या कठड्यापर्यंत. माझं अक्षर होतं तेवढंच आहे.

आमचा जीव आहेच तुझ्यावर, मागावा लागत नाही.

एउतिमिओ


ओतेरो,
ता. ९ मार्च १९८६

चि. तिर्सोस,
ताईचे आशीर्वाद.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. दुकानात जाते म्हणून निघाले आणि शेजारच्या ओनोरिनाच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. ती विचारत होती कोणाला लिहितेस, तर म्हटलं बिशपला.

तुझ्या माश्या मंगळवारी आल्या. हे वाटच बघत होते. दोन वाजताच्या लख्ख उन्हात खिडकीच्या कट्ट्यावर सहाही ओळीने ठेवल्या, चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. मी ताटं मांडत होते. मला वाटलं आता काहीतरी खोचक बोलतील आणि मग आठवडाभर तेच पुरवून पुरवून बोलतील. काही नाही. उठले आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. कोंबड्यांना दाणे मी तासाभरापूर्वीच टाकले होते, आणि ते त्यांनी पाहिलं होतं.

मग मी बघितल्या. तिर्सो, सहातल्या तीन माश्यांत पीस उलटं गुंडाळलं आहेस. झळाळती बाजू आत आणि मेलेली बाजू बाहेर. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी मला दोनच गोष्टी शिकवल्या, चुलीचा धूर कसा काढायचा आणि पिसाची उजळ बाजू कशी ओळखायची. तू इथे सुट्टीला यायचास तेव्हा ती तू माझ्याकडूनच शिकलास. नंतर माझ्यापेक्षा चांगलं बांधायला लागलास आणि ते मला ऐकवायलाही विसरला नाहीस. पंधरा वर्षांचा होतास तेव्हासुद्धा ही चूक तू केली नव्हतीस.

तेव्हापासून मला एकेक आठवतंय. जानेवारीत, तीन राजांच्या सणाला, तू कपाच्या बाजूला चॉकलेट ओतलंस आणि म्हणालास टेबलक्लॉथला तहान लागली होती. आम्ही सगळे हसलो. मीच जास्त हसले. त्याच्या आधी नाताळला लेओनच्या स्टेशनवर मी तुझ्या डाव्या हाताला उभी राहून हात हलवत होते आणि तू माझ्या पुढून निघून गेलास. पुढच्या बाईला नमस्कार केलास, ती कोण होती देव जाणे. मला वाटलं नेहमीसारखा विचारात असेल. आणि तुझ्या पत्रातल्या ओळी पानावर चढण चढल्यासारख्या वर वर जातात हल्ली. यांनी तेही बघितलं असणार. हे बघतात सगळं, बोलत नाहीत.

मी तुझ्याएवढी शिकलेली नाही, म्हणून सरळ विचारते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलास का? गेला असशील तर काय म्हणाले? मला विनोद नको लिहूस. विनोद तू यांना लिही.

यंदा बर्फ फार आहे. मे महिन्यात त्या दगडांवर वीतभर नाही, हातभर पाणी असेल. तिथे तू पुढे असणार आणि तुझ्या पट्ट्याला धरून माझा नवरा. दोघंही माझीच माणसं आहेत, तिर्सो. एकाने डोळे मिटून चालायचं आणि दुसऱ्याने भिडेखातर त्याच्यामागे जायचं, असं मी तुम्हाला करू देणार नाही. तुमचा तो परवाना मी चुलीत घालीन, मग बसा सोडतीत नाव निघायची वाट बघत.

यांना मी काही बोलले नाही. यांनीही मला नाही. एका घरात दोघं जण एकच गोष्ट एकमेकांपासून लपवतोय.

जेवत जा नीट. लवकर लिही, ओनोरिनाच्या पत्त्यावर.

तुझी,
ताई


वाल्यादोलिद,
ता. १५ मार्च १९८६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून मी काही काळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. साक्षीपुरावे चोख आहेत. चॉकलेट, स्टेशन, उलटी पिसे, चढत्या ओळी. सरकारी वकिलाला इतके मुद्देसूद बोलता आले असते तर या देशात एकही गुन्हेगार मोकळा राहिला नसता.

तू विनोद नको म्हणालीस, म्हणून आवरतो. डॉक्टरकडे गेलो होतो. त्यांनी तपासले. नंबर बदलला आहे, नवा चष्मा करायला टाकला आहे, एक थेंबांची बाटलीही दिली आहे. या वयात हे सगळ्यांचे होते. माश्या बांधल्या त्या दिवशी आभाळ भरून आले होते आणि दिवा गेला होता. तो मी बदलला. स्टेशनवरच्या त्या बाईंचा नमस्कार परत मागवण्याची आता सोय नाही.

मे महिन्यापर्यंत सर्व सुरळीत होईल. मी त्या उतारावरून एकतीस वर्षे जातो आहे, शेवटची सहा सोडून. कितव्या दगडावर डावे पाऊल आणि कितव्यावर उजवे, हे मला श्लोकासारखे पाठ आहे. तेवढे एकदा मला पुढे जाऊ दे. दाजींना यातले काही सांगू नकोस. त्यांनी माझ्या माश्यांवर अजून निकाल दिलेला नाही. तो ते आपल्या रीतीने देतील. त्यांच्या तोंडची एक सणसणीत शिवी मला शंभर डॉक्टरांपेक्षा जास्त गुणकारी ठरेल.

परवाना चुलीत घालू नयेस. तो माझ्याजवळ आहे.

माया आहे तशीच ठेवावी आणि जीभ थोडी आवरावी, ही विनंती.

तुझा धाकटा,
तिर्सो


ओतेरो,
ता. २० एप्रिल १९८६

चि. तिर्सो यास,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. बर्फ वितळलं तसा कोंबड्यांच्या खुराड्यात ओढाच शिरला. दोन दिवस दगड रचत होतो.

तुझ्या माश्या बघितल्या. चांगल्या आहेत. टोपीच्या पट्टीत खोचून ठेवल्यात. तेव्हा सतरा तारखेला तू पुढे हो. मी मागे येतो.

पिसांचं म्हणशील तर मी परत विचार केला. अकरा असतील. त्या दिवशी थंडी होती, बोटं बधिर झाली होती, मोजताना चुकलं असेल. माझी कसूर. पुढच्या जुडीत तेरा घालून पाठवतो.

परवा घळीत जाऊन आलो. पाणी मोठं आहे, पण मेच्या मध्यापर्यंत उतरेल थोडं. पलीकडच्या काठावर जे वाकडं झाड आहे, त्याला देल्फिनाची जुनी पांढरी चादर फाडून एक पट्टा बांधून आलोय. माझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. मला लांबचं अंधुक दिसतं, म्हणून माझ्यासाठी बांधलाय. तू सरळ त्याच्या रोखाने चाल, म्हणजे मलाही मागून अंदाज येईल.

चांभाराकडून तुझ्यासाठी एक रुंद पट्टा करून घेतलाय, मागच्या बाजूला लोखंडी कडी बसवून. धरायला बरं पडतं. मी घट्ट धरीन.

गुरुवारीच आलास तरी चालेल. एक दिवस आधी आलास तर उतारावर जाऊन नुसतं बघून येऊ. घाई नाही.

कांद्याचं देल्फिनाने मान्य केलंय.

तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे.

एउतिमिओ


वाल्यादोलिद,
ता. २७ एप्रिल १९८६

ती. स्व. दाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र मी चार वेळा वाचले. तीन वेळा डोळ्यांनी, भिंगाखाली. चौथ्यांदा पाठ झाले होते.

एकतीस वर्षांत तुम्ही माझ्यापुढे एकदाही माघार घेतलेली नाही. लेओनची आगगाडी किती वाजता सुटते यावरून आपण एक नाताळ अबोल्यात घालवला, आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत माझ्या म्हणण्याप्रमाणे सुटली तेव्हा तुम्ही स्टेशनच्या घड्याळाला दोष दिलात. असा माणूस लिहितो की पिसे अकरा असतील. असा माणूस लिहितो की नजर राहिली नाही, जो गेल्याच सप्टेंबरात समोरच्या डोंगरावरची मेंढी कोणाची ते तिच्या कानावरून सांगत होता. आणि माझ्या ज्या तीन माश्यांत पीस उलटे आहे, हे तुम्ही एका दृष्टिक्षेपात पाहिलेत, त्या चांगल्या आहेत म्हणता. एका पत्रात तीन असत्ये. तुम्हाला सवय नाही, दाजी, फार वाईट जमतात. ताईवर संशय नको. तिने माझे गुपित राखले. फोडलेत ते तुम्हीच, कडी बसवलेल्या पट्ट्याने.

तेव्हा तक्रार-अर्ज मागे घेतो. पिसे बारा होती.

बारावे मला फेब्रुवारीतच सापडले. तुमचे उत्तर आले त्याच दिवशी मी टेबल पुसत होतो, आणि मोकळ्या दगडावरून हात फिरवताना बोटाला काहीतरी मऊ लागले. सेनेटरच्या नातवाचे पीस. करड्या संगमरवरावर, माझ्या डाव्या हाताशी, दहा-बारा दिवस तिथेच पडून होते. हाताला लागल्यावरही मला ते दिसेना. मान वळवून, वाकून, उजव्या डोळ्याने शोधले तेव्हा दिसले. मी ते तुम्हाला कळवले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. ताईला लिहिले त्यातला थेंबांचा भाग खरा, चष्म्याचा खोटा. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. समोरचे दिसते, अक्षर दिसते, चेहरा दिसतो. खालचा डावा कोपरा गेला आहे. कोरा नाही, काळा नाही, नुसता नाही. तिथे काही नाही हेच कळत नाही, म्हणून तर मी अकरा पिसे छातीठोकपणे मोजली. मी ज्या साक्षीदारांची शपथ घेतली होती तेच फितूर निघाले.

गेले ते परत येत नाही म्हणतात. मी सेनेटर नव्हे. एका हिवाळ्यात झळाळी परतणार नाही. पण थेंब दोन वेळा नेमाने घातले तर उरलेले बरीच वर्षे टिकेल, असे डॉक्टर म्हणाले. मी नेमाने घालतो. लॅटिन शिकवणाऱ्या माणसाला निरर्थक वाटणारी गोष्ट नेमाने करण्याची सवय असते.

उतारावरचे दगड नेमके त्या हरवलेल्या कोपऱ्यात येतात. मला ते ठाऊक होते आणि तरी मी पुढे जाणार म्हणून हट्ट धरला. कारण सांगतो. एकतीस वर्षे मी तुमची पाठ पाहिली. एकदा, फक्त एकदा, त्या घळीत माझ्यापुढे कोणी नसावे, सरळ पाणी असावे, वरच्या डोहापर्यंत, असे वाटले. ते दिसते आहे तोवर पाहून घ्यावे. त्यासाठी मी तुम्हाला त्या डोहात घेऊन जायला निघालो होतो, आणि तुम्ही, सगळे ओळखून, पट्ट्याला कडी लावून माझ्यामागे यायला निघाला होता. आपल्या दोघांत मूर्ख कोण हे ताईनेच ठरवावे. तिने ठरवले असेलच.

आता नवी योजना. मी गुरुवारी येतो. शनिवारी उतारावर तुम्ही पुढे, मी मागे. कडी तुमच्या पट्ट्याला लावून घ्या. चादरीचा पट्टा झाडालाच राहू द्या, तो मला दिसेल, पांढरे मला चांगले दिसते. पलीकडे पोचलो की तुम्ही बाजूला व्हा आणि पहिला डोह मला द्या. तिथे काठावर उभे राहायचे आहे, पाण्यात नाही, आणि तिथून वरचे सगळे दिसते. पाणी फार मोठे असले तर अलीकडेच बसू, ऑम्लेट खाऊ आणि तुमच्या तरुणपणीच्या ट्राउट मोजू, ज्या दर वर्षी लांबीने वाढतात.

सोबत सहा माश्या पाठवतो. या मी डोळे मिटून बांधल्या. पीस बोटांत धरले तर पोट आत वळते आणि पाठ फुगते; पाठ ती उजळ बाजू. एवढी वर्षे बघूनच बांधत होतो, म्हणून बोटांना विचारायचे कधी सुचले नाही. सहावी सेनेटरच्या नातवाच्या पिसाची आहे. मला वाटते साधल्या आहेत. दोन वाजताच्या उन्हात कट्ट्यावर ठेवून पाहा, आणि एखादी वाईट असेल तर वाईट आहे असे लिहा, नेहमीच्या शब्दांत, ताईला वाचून दाखवता येणार नाही अशा.

लोभ असावा असे मी आजवर दर पत्राखाली लिहीत आलो. तो आहे, लोखंडी कडीसकट पोचला. या खेपेस विनंती एवढीच की भांडण असू द्यावे. मला नदीची भीती वाटत नाही, दाजी, आणि जे दिसायचे राहील त्याचीही फारशी नाही. त्याची सवय होईल. तुम्ही अकरा म्हणालात तेव्हा मात्र मी घाबरलो. इथे मी एकटा राहतो. माझे काय चुकते आहे हे सांगणारे तुम्ही दोघेच आहात, आणि एक दिवस तुम्हाला माझी कीव येऊन तुम्ही ते सांगायचे थांबाल, याची मला भीती वाटते.

आपला,
तिर्सो